एक्झॉस्ट फॅनवरचा चिकटा आणि बिडाचा तवा

पाचेक वर्षांपूर्वीची गोष्ट. आई महिनाभर भावाकडे गेली होती, भांड्यांना नवीन मावशी लागल्या होत्या आणि मी संध्याकाळी ऑफिसातून आले तर ओट्यावर आईचा घावनांचा बिडाचा तवा पालथा घातलेला, करडा, नवाकोरा दिसणारा. मावशींनी तारेची घासणी आणि भांड्यांच्या साबणाची वडी घेऊन अख्खी दुपार घालवली असणार, कारण वीस-पंचवीस वर्षांचं काळं त्यांनी एका दिवसात उतरवलं होतं. "ताई, किती किटण चढलेलं, बघा आता कसा निघालाय," असं त्या इतक्या कौतुकाने म्हणाल्या की माझ्या तोंडून "हो, छानच" एवढंच निघालं. सकाळी घावन घातलं तर ते तव्याला असं काही बसलं की कालथ्याने खरवडून खरवडून शेवटी त्याचा भुगा झाला. दुसऱ्याचं तेच, तिसऱ्याचं तेच, मग मी पोहे केले. आईला फोनवर सांगायची हिंमत चार दिवस झाली नाही.

मावशींचं काही चुकलं नव्हतं. भांडं काळं असलं की घासून उजळ करायचं, हेच त्यांच्याकडून सगळ्या घरांत अपेक्षित असतं. हे काळं म्हणजे घाण नाही हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्यांनी उलट विचारलं असतं की "मग काय आहे हे?" तर मलाही उत्तर देता आलं नसतं.

आता हा प्रश्न बऱ्याच घरांत आलाय. मे २०२४ मध्ये आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने भारतीयांसाठी आहाराच्या नवीन मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात नॉनस्टिक भांडी १७० अंशांच्या वर तापली तर विषारी वाफा निघायचा धोका असतो असं म्हटलं होतं. त्याच्या बातम्या झाल्या, फॉरवर्ड फिरले, आणि लोकांनी नॉनस्टिक माळ्यावर टाकून बिडाचे तवे मागवले. मग पंधरा दिवसांनी मैत्रिणींचे प्रश्न सुरू, "अगं माझ्या तव्याला गंज आला", "डोसा निघतच नाही", "साबण लावायचा की नाही", "काळं लागतंय पोळीला, विष तर नाही ना". एकच गोष्ट नीट समजली की यातल्या निम्म्याहून जास्त प्रश्नांची उत्तरं आपली आपल्याला देता येतात, म्हणून हा लेख.

आधी बीड म्हणजे काय

बीड जिल्ह्याशी याचा काही संबंध नाही. बीड म्हणजे ओतीव लोखंड. शुद्ध लोखंड वितळायला १५३८ अंश सेल्सिअस लागतात, पण त्यात दोन ते चार टक्के कार्बन आणि थोडं सिलिकॉन मिसळलं की ते १२०० च्या आसपासच पातळ होतं आणि साच्यात ओतता येतं. वाण्याकडची ती षटकोनी काळी वजनं आठवा, रस्त्यावरच्या गटाराची जड झाकणं आठवा, ते सगळं बीड. कोल्हापुरात शिरोली, गोकुळ शिरगाव भागातल्या फाउंड्र्यांमधून गाड्यांचे जे पार्ट ओतून निघतात त्यात बरंचसं हेच असतं. आणि पोळीचा जो पातळ लोखंडी तवा असतो ना, तो पत्र्याचा, त्यात कार्बन पाव टक्क्याच्या आतबाहेर. दोघांनाही आपण 'लोखंडी' म्हणतो पण स्वभाव एकदम वेगळे. पत्र्याचा तवा पडला तर पोचा येतो, बिडाचा पडला तर तुकडा उडतो.

बिडाचं भांडं वाळूच्या साच्यात ओततात (१७०७ मध्ये इंग्लंडात एब्राहम डार्बी नावाच्या माणसाने या पद्धतीचं पेटंट घेतलं होतं, आजही मूळ कल्पना तीच आहे) म्हणून त्याचा पृष्ठभाग बारीक खरखरीत असतो. नव्या तव्यावरून बोट फिरवा, पॉलिश पेपरसारखं लागेल. घावनाचं पातळ पीठ त्या खाचाखोचांमधे उतरतं, तिथेच शिजतं आणि धरून बसतं. शिवाय उघडं लोखंड तापलं की अंड्यातली, पिठातली प्रथिनं त्याला थेट चिकटतात. थोडक्यात, नुसतं बीड हे स्वयंपाकाला फार वाईट भांडं आहे. ते चांगलं होतं त्याच्यावर जे बसतं त्यामुळे.

ते काळं म्हणजे नक्की काय

तुमच्या स्वयंपाकघरातल्या एक्झॉस्ट फॅनकडे बघा. त्याच्या पात्यांवर तो पिवळट-तपकिरी चिकटा असतो ना, दिवाळीच्या साफसफाईत ज्याच्यावर आपण अर्धा दिवस घालवतो. किंवा तेलाच्या बरणीच्या बुडाशी, किंवा जुन्या कढईच्या कानांखाली जमलेला तो कडक थर. सुरुवातीला ते साधं तेलच होतं. ताजं तेल साबणाने एका मिनिटात जातं, मग हे का जात नाही? कारण ते आता तेल राहिलेलंच नाही. हवा आणि उष्णता लागून त्याचं प्लॅस्टिकसारखं काहीतरी झालंय.

तव्यावरचा तो काळा थर, ज्याला सीझनिंग म्हणतात, तो म्हणजे तेच, फक्त जिथे हवं तिथे, पातळ आणि नीट भाजलेलं. फॅनवर ज्याला शिव्या घालतो तेच आपल्याला तव्यावर पाहिजे.

हे होतं कसं ते दहीहंडीवरून सांगते. तेल म्हणजे लांबलचक रेणूंची गर्दी समजा, मैदानात सुटी सुटी फिरणारी गोविंदांची टोळी. काही रेणूंचे हात मोकळे असतात, काहींचे खिशात. तेल तापलं आणि हवेतला ऑक्सिजन मिळाला की मोकळे हातवाले शेजारच्याच्या खांद्यावर हात टाकतात, तो त्याच्या शेजारच्याच्या, असं करत सगळे एकमेकांत गुंतून थर तयार होतो आणि मग त्यातला एकेक जण सुटा बाहेर ओढता येत नाही. रसायनशास्त्रात याला पॉलिमर होणं म्हणतात, नाव एकदा ऐकून सोडून द्या. हा थर बिडाच्या खाचाखोचांमधे उतरून घट्ट बसतो म्हणून वरचा खरखरीतपणा कमी होतो, लोखंड आणि पीठ यांची थेट भेट होत नाही म्हणून घावन सुटतं, आणि पाणी लोखंडापर्यंत पोचत नाही म्हणून गंज लागत नाही. रोजच्या वापरात थोडा जळका कार्बनही त्यात मिसळतो आणि रंग काळाभोर होत जातो.

म्हणजे मावशींनी त्या दुपारी जे उतरवलं ते किटण नव्हतं, तव्याचं कातडं होतं.

मग कुठलं तेल?

ज्या तेलात मोकळे हात जास्त, त्याचा थर लवकर बसतो. हे मोकळे हात मोजायचं एक माप आहे, आयोडीन मूल्य म्हणतात त्याला. जवसाच्या तेलाचं १८० च्या आसपास, करडईचं १४५, सूर्यफूल आणि सोयाबीन १३० च्या जवळपास, शेंगदाण्याचं ९०-९५, आणि खोबरेल तेलाचं? फक्त ८-१०. खोबरेलातले नव्वद टक्के रेणू हात खिशात घालून उभे.

जवस वाचून काही जणांना क्रिकेटची बॅट आठवली असेल, नव्या बॅटला जवसाचं तेल लावून वाळवायचं ते याच कारणासाठी, ते तेल हवेत नुसतं ठेवलं तरी हळूहळू घट्ट होतं. तैलचित्रांच्या रंगातही तेच असतं. त्यामुळे मधे इंटरनेटवर जवसाच्या तेलाची फार हवा होती आणि मीही त्यात वाहून गेले, ओटीजीमधे, म्हणजे घरच्या छोट्या ओव्हनमधे, सहा वेळा थर चढवले, तवा असा आरशासारखा झाला की मी फोटो काढून सगळ्या नातेवाईकांना पाठवले. महिन्याभरात थालीपीठ उलटताना त्याचे पापुद्रे निघायला लागले. जवसाचा थर कडक होतो पण ठिसूळही होतो, आणि तव्याच्या रोजच्या गरम-गार होण्यात तडकतो असा अनुभव बऱ्याच जणांचा आहे. तेव्हापासून मी साधं रिफाइंड सूर्यफूल किंवा करडईचं वापरते. मराठवाड्यात ज्यांच्या घरी करडईचं तेल असतं त्यांना वेगळं काही आणायची गरजच नाही. अमेरिकेत १८९६ पासून बिडाची भांडी करणारी लॉज नावाची कंपनी आहे, ती कारखान्यातच तवे तयार करून विकते, तेही सोयाबीनच्या तेलात. काही महागडं, जादूचं असं लागत नाही.

"पण कोकणात तर पिढ्यान्‌पिढ्या खोबरेलच लावतात की तव्याला!" बरोबर आहे, आणि ते चूक नाही. रोज घावन घालताना वांग्याच्या देठाने नाहीतर नारळाच्या शेंडीने जे तेल फिरवतात त्याचं काम त्या वेळेपुरतं पीठ सुटवायचं असतं, त्याला खोबरेल उत्तम. खोबरेलाने थरही बसतो पण फार सावकाश, आणि त्या तव्यांना घाई नव्हती, वीस वर्षं हातात होती. आपल्याला रविवारी तवा तयार करून सोमवारी डोसे घालायचे असतात, म्हणून तेल बदलायचं.

नवा तवा तयार करताना

बाजारातून आणलेल्या साध्या तव्यावर गंज लागू नये म्हणून तेल किंवा मेणासारखं काहीतरी फासलेलं असतं, ते आधी गरम पाण्याने, साबणाने, काथ्याने चांगलं घासून काढायचं. हो, साबणाने, इथे बिनधास्त. मग लगेच, म्हणजे फोन घ्यायला न जाता लगेच, कापडाने पुसून गॅसवर ठेवायचा. उघडं बीड इतकं हावरट असतं की धुतल्यावर पाच-दहा मिनिटांत त्याच्यावर नारिंगी झाक येते, पांढऱ्या फडक्याने पुसून बघा, दिसेल.

तवा कोरडा झाला आणि हाताला चांगला कोमट लागायला लागला की चमचाभर तेल घालून सगळीकडे चोळा, वर, खाली, दांड्याला, कडेला. आणि आता जे सांगते ते या अख्ख्या लेखातलं सगळ्यात कामाचं आहे: ते तेल पुसून टाका. कोरडं सुती फडकं घ्या आणि असं पुसा की जणू काही चुकून तेल सांडलंय आणि सासूबाई यायच्या आत साफ करायचंय. तव्यावर तेल दिसता कामा नये, नुसती मंद झाक उरली पाहिजे. बहुतेक लोक इथेच चुकतात, माया करायला जातात आणि जाड तेल ठेवतात. जाड तेलाचा वरचा पापुद्रा घट्ट होतो, आतलं कच्चं राहतं, आणि मग तवा दुसऱ्या दिवशी पाकातल्या चिक्कीसारखा चिकट लागतो. तुमचा तवा आत्ता तसा चिकट असेल तर घासू नका, नुसता परत मोठ्या आचेवर तापवा, उरलेलं कच्चं तेल भाजून निघतं. फारच जाड असेल तरच खडे मीठ आणि काथ्या.

तर पुसलेला तवा मध्यम आचेवर ठेवायचा आणि धूर यायची वाट बघायची. खिडकी उघडा, फॅन लावा, धूर येणारच आणि आलाच पाहिजे, धूर नाही म्हणजे तापमान पुरेसं नाही. गॅसवर मधला भाग जास्त तापतो म्हणून तवा दर दोन-तीन मिनिटांनी सांडशीने सरकवून कडाही आचेवर आणा. धूर थांबला की गॅस बंद, तवा गार होऊ द्या, परत तेल, परत पुसणं, परत धूर. असं तीन-चार वेळा. ओटीजी असेल आणि तवा आत मावत असेल तर २३० ते २५० अंशांवर तासभर पालथा ठेवायचा, त्याने जास्त एकसारखा थर येतो, पण गॅसवरचाही वाईट नसतो, आपल्या आज्यांकडे कुठे ओटीजी होते.

पहिल्या थरानंतर तवा तपकिरी, डागाळ दिसतो. घाबरू नका. काळा रंग वापराने येतो. पहिले आठ-दहा दिवस त्याच्यावर डोसा-बिसा घालून परीक्षा घेऊ नका, कांदा परता, पुऱ्या तळा (कढई असेल तर), थालीपिठं लावा, तेलकट कामं द्या. अर्धा कांदा काट्यात खोचून तव्यावर तेल फिरवायची जी पद्धत आहे ती मला फार आवडते, कारण कांदा हा मुळात कंजूष ब्रश आहे, तो तेल जाड लावूच देत नाही.

"पण साबण लावायचा नाही असतो ना?"

यावरून घराघरात भांडणं आहेत. वर आपण बघितलं की सीझनिंग म्हणजे तेल नाही. लिक्विड साबणाचं काम तेल पाण्यात सोडवणं, आणि इथे सुटं तेल उरलेलंच नाही, सगळे गोविंदा एकमेकांना धरून आहेत. त्यामुळे थोडा भांड्यांचा लिक्विड साबण आणि मऊ स्पंज याने मुरलेल्या तव्याचं काहीही बिघडत नाही. पटत नसेल तर एक्झॉस्ट फॅन परत आठवा, त्याच्यावरचा चिकटा जर साबणाच्या दोन थेंबांनी निघत असता तर दिवाळी किती सुखाची झाली असती.

मग हा नियम आला कुठून? पूर्वीच्या साबणात कॉस्टिक सोडा जास्त उरलेला असायचा, आणि कॉस्टिक मात्र हा थर खरोखर खातो. आजही ड्रेनेज मोकळं करायच्या पावडरीत, ओव्हन क्लीनरमधे तेच असतं, जुना थर मुद्दाम काढायचा असेल तर लोक ते वापरतात. डिशवॉशरमधे बिडाचं भांडं चालत नाही तेही यामुळेच, त्याची पावडर जहाल असते आणि वर तासभर गरम पाण्याचा मारा. आपल्याकडच्या वडीबद्दल मी जपूनच बोलेन, कारण वडीत घासणारी पूड असते आणि ती नेहमी तारेच्या घासणीबरोबरच येते. आमच्या तव्याचं जे झालं त्यात साबण निर्दोष आहे, गुन्हेगार ती तार.

रोजचं धुणं म्हणजे एवढंच: तवा कोमट झाला की पाणी आणि काथ्या, माशाचा वास असेल तर थोडा साबण, चिकटलेलं असेल तर खडे मीठ. मग पुसायचा, गॅसवर मिनिटभर ठेवून पूर्ण कोरडा करायचा, तेलाचं बोट फिरवून परत पुसायचा. पाण्यात भिजत ठेवायचा नाही, सिंकमधे रात्रभर तर नाहीच. नुसत्या पोळ्या-भाकऱ्या झाल्या असतील तर धुवायचीही गरज नाही, फडक्याने झटकला की झालं.

गंज आला म्हणजे तवा गेला?

अजिबात नाही. पत्र्याच्या डब्याला भोक पडतं कारण पत्रा पातळ असतो, बिडाचा तवा चार-पाच मिलिमीटर जाड, वरवरच्या गंजाने त्याचं काही जात नाही. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात तर महिनाभर न वापरलेल्या तव्याला गंज येणं हे छत्रीला वास येण्याइतकंच नेहमीचं. हलका असेल तर काथ्या आणि मीठ. जास्त असेल तर व्हिनेगर आणि पाणी निम्मे-निम्मे, किंवा चिंचेचा कोळ, लिंबू, आंबट काहीही चालतं, पण अर्ध्या तासाच्या वर ठेवायचं नाही, कारण आम्लाला गंज संपून लोखंड कुठे सुरू झालं ते कळत नाही, ते पुढे खातच राहतं. मग धुवून, वाळवून, परत तेल-पुसणं-धूर. तारेची घासणी इथे मात्र चालते. तवे एकात एक ठेवणार असाल तर मधे वर्तमानपत्र घाला, ओल ओढून घेतं. आणि साठवताना जाड तेल थापून ठेवू नका, गंज येणार नाही पण महिन्याभराने तेल खवट होईल आणि पहिलं घावन त्या वासाचं.

टोमॅटो, चिंच, कोकम, आणि ते काळं पडलेलं वांगं

मेंदी लोखंडी कढईत भिजवतात ते माहितीये ना, चहाचं पाणी घालून, म्हणजे रंग गडद येतो. लोखंड आणि चहातलं टॅनिन यांचा संयोग झाला की काळा रंग होतो, जुनी शाईसुद्धा अशीच करायचे. वांग्याची भाजी कच्च्या कढईत काळी पडते त्याच्या मागे हेच, वांग्यातही तसले तुरट घटक असतात. ते विष नाही, दिसायला तेवढं वाईट.

आंबटाचं थोडं वेगळं. आम्ल सीझनिंगच्या फटींमधून लोखंडापर्यंत जातं, लोखंड विरघळवतं, चव धातूसारखी लागते आणि थरही हळूहळू सैल होतो. म्हणून कोकमाची कढी, सांबार, चिंचेची आमटी ही तासभर उकळायची कामं स्टीलला द्या. मुरलेल्या कढईत भाजीत एखादा टोमॅटो पडला आणि दहा मिनिटांत काढून घेतलं तर काही होत नाही. शिजलेलं अन्न मात्र त्यातच ठेवून झोपू नका.

यावरूनच पुढचा प्रश्न येतो, की मग लोह मिळतं का? मिळतं. १९८६ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगात सफरचंदाचा आंबट सॉस बिडाच्या भांड्यात शिजवल्यावर त्यातलं लोह १०० ग्रॅममागे अर्ध्या मिलिग्रॅमच्या आत होतं ते सात मिलिग्रॅमच्या वर गेलं. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात इथिओपियातल्या लहान मुलांवरचा अभ्यास आला, लोखंडी भांड्यात शिजवलेलं खाणाऱ्या मुलांचं हिमोग्लोबिन ॲल्युमिनियमवाल्यांपेक्षा जास्त वाढलं होतं. आपल्याकडे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना ॲनिमिया निघाला, त्यामुळे हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाहीये.

पण इथे एक गंमत आहे जी जाहिरातवाले सांगत नाहीत. तवा जितका चांगला मुरलेला तितकं लोह कमी उतरतं, कारण तो थर मधे आहे. आणि लोह जास्त उतरतं ते आंबट, पातळ, बराच वेळ शिजणाऱ्या पदार्थांत, म्हणजे नेमकं जे आपण तव्याला वाचवण्यासाठी टाळतो त्यात. कोरड्या भाकरीत फारसं काही येत नाही. म्हणजे न चिकटणारा तवा आणि लोहाचं टॉनिक, दोन्ही एकाच भांड्याकडून पूर्ण मिळणार नाही. माझं मत विचाराल तर तवा घावनांसाठी मुरवावा आणि रसभाजीला एक वेगळी लोखंडी कढई ठेवावी, ती चमकली नाही तरी चालेल. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या असतील तर कढईच्या भरवशावर त्या बंद करू नका. आणि घरात कोणाला थॅलेसेमिया असेल किंवा शरीरात लोह साठायचा आजार असेल तर उलट काळजी, त्यांच्यासाठी लोखंडात शिजवण्याआधी डॉक्टरांना विचारा.

पोळीला लागणारं काळं? नव्या तव्यावर ते जळलेल्या तेला-पिठाची आणि लोखंडाच्या ऑक्साइडची पूड असते, काही दिवसांत बंद होतं. पापुद्रे सुटत असतील तर मात्र तेवढा भाग घासून परत तयार करून घ्या.

"बीड सगळीकडे सारखं तापतं म्हणे"

साफ खोटं. ॲल्युमिनियम बिडाच्या तिप्पट-चौपट वेगाने उष्णता पसरवतं. बिडाचा तवा मोठ्या आचेवर ठेवला तर मधे आग आणि कडेला गार, म्हणून घावन मधे करपतं आणि कडेला पांढरं राहतं. त्याचा गुण वेगळा आहे, तो जड असतो म्हणून उष्णता धरून ठेवतो. गार पीठ ओतलं की पातळ तव्याचं तापमान धाडकन पडतं, बिडाचं फारसं पडत नाही, म्हणून घावनाला ती जाळी पडते. तेव्हा मंद आचेवर सात-आठ मिनिटं तापू द्यायचा. पाण्याचा थेंब टाकून बघा, नुसता चर्र होऊन बसला तर अजून वेळ आहे, गोळी होऊन इकडेतिकडे पळायला लागला तर तवा दोनशेच्या आसपास गेला, घावनाला थोडा जास्तच, गॅस बारीक करून मिनिटभर थांबा. इंडक्शनवर चालतो, पण एकदम फुल्ल लावू नका, आणि काचेवर ओढू नका, उचलून ठेवा.

तापलेल्या तव्यावर पाणी ओतून छन्न करू नये, अपशकुन असतो, असं आजी म्हणायची आणि मी हसायचे. बिडाच्या आत कार्बन पातळ पापुद्र्यांच्या रूपात विखुरलेला असतो, आणि एक बाजू एकदम आक्रसली की चीर त्या पापुद्र्यांतून सरळ धावत जाते. पत्र्याचा तवा फार तर वाकडा होईल, बिडाचा तडकतो. आणि तडकलेल्या बिडाला घरच्या घरी काही उपाय नाही. शकुनाचं मला माहीत नाही, पण आजीचा तवा तिच्या नंतरही तीस वर्षं टिकला.

तोच हा तवा, मावशींनी पांढरा केलेला. आई परत यायच्या आत मी करडईच्या तेलाचे चार थर चढवले होते. तिने आल्याआल्या तवा हातात घेतला, उजेडात तिरका धरला, बोट फिरवलं आणि "कोणी घासला?" एवढंच विचारलं. मी मावशींचं नाव घेतलं नाही, माझंच सांगितलं. पुढे दीडेक वर्ष त्याच्यावर आंबोळ्या, थालीपिठं, धिरडी होत राहिली, तेव्हा कुठे घावन कालथा न लावता कडेने आपोआप उचलायला लागलं. मावशी अजून आमच्याकडेच आहेत, तवा वेगळा काढून ठेवतात. मधे त्यांनी स्वतःच्या घरी एक बिडाचं आप्पेपात्र घेतलं आणि मला विचारलं, "ताई, याला काळं कसं करायचं?"